डिंककाकांचा घोळ

आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे डिंककाका म्हणत. चौथीत शाळा सुटली, जन्मभर पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. "शिंपी गिऱ्हाइकाचे कपडे घालून बघतो का?" असं वर मलाच विचारत.

वाचायची हौस मला. मी ग्रंथपाल. कुमारवयातल्या मुलांना पुस्तक सुचवावं तर मीच, असा माझा तोरा. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, विज्ञान, कविता अशी वर्गवारी करून मी पन्नास पुस्तकांची यादी केली आणि काचेच्या चौकटीत लावली. मुलं यायची, काचेत बघून भांग पाडायची आणि जायची. शेवटी अध्यक्षांनी बजावलं, महिनाभरात कुमारांचं कपाट चाललं नाही तर पुस्तकं रद्दीत आणि जागा कॅरमला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यातलं एकेक पुस्तक मी स्वतः निवडलं होतं.

निदान दिसायला तरी बरी दिसावीत म्हणून खिळखिळी झालेली चार पुस्तकं मी काकांकडे दिली. चारही एकाच आकाराची. काकांनी ती उसवली, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले, पुन्हा शिवले आणि झकास पुठ्ठे चढवले.

चार दिवसांनी नववीतली एक मुलगी तणतणत आली. "मॅडम, हे काय? आता खुनी कळणार, तेवढ्यात शनीची कडी सुरू झाली!"

बघते तर खरंच, रहस्यकथेला शेवटचा फर्मा ताऱ्यांच्या पुस्तकाचा.

"मग खुनी कुठे गेला?"

"असेल यातल्याच कुठल्यातरी पुस्तकात. शोध," मी वैतागून म्हटलं. इथे उभं राहून चाळायचं नाही, एका वेळी एकच पुस्तक घरी न्यायचं, हा नियम माझाच. तिने ताऱ्यांचं पुस्तक नेलं. ते शेवटी भुताच्या वाड्यात शिरत होतं. भुताचं नेलं, तर शेवटी कविता. कवितांचं नेलं आणि शेवटच्या सोळा पानांत खुनी सापडला. मधल्या कविता तिने का वाचल्या कोण जाणे, पण परत देताना दोन पाठ म्हणून दाखवल्या.

बातमी वर्गभर पसरली. आपल्याही पुस्तकात काहीतरी दडलंय, असा प्रत्येकाला संशय. म्हणून सगळे शेवटच्या पानापर्यंत वाचायला लागले. महिनाअखेरीस कपाट अर्धं रिकामं झालं.

कपाट वाचलं. अध्यक्षांनी माझ्या यादीचं तोंडभरून कौतुक केलं, वाचनालयाच्या सभेत माझा सत्कार केला. लाज वाटली, पण मी तो घेतला. त्याच सभेत, मागे बसलेल्या डिंककाकांचं काम निष्काळजी बांधणीबद्दल काढून घेतलं. तेव्हाही मी मूग गिळून बसले.

नव्या बांधणीवाल्याने चारही पुस्तकं सुधारली. खुनी आपल्या जागी गेला. दोन महिन्यांत काच पुन्हा भांग पाडायला मोकळी झाली आणि अध्यक्ष पुन्हा कॅरमचं बोलू लागले. मी ती चार पुस्तकं पिशवीत घातली आणि काकांचं घर गाठलं.

काका खिडकीपाशी बसले होते. मी पुस्तकं पुढे ठेवली. "काका, पुन्हा एकदा तसाच घोळ घाला."

त्यांनी सवयीने पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. "मॅडम, तेव्हा दिसत नव्हतं म्हणून चुकलो. आता तर पार अंधार आहे. मुद्दाम चुकायचं तर नीट दिसायला लागतं."

"मग तेव्हा सभेत सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, बांधणारा आंधळा. निष्काळजी ऐकायला बरं."

तरी त्यांनी सुई काढली. दोरा तीनदा हुकला. मी सुई त्यांच्या हातातून घेतली, ओवली, पुस्तकं उसवली. काका सांगत गेले, मी शिवत गेले. कविता हातात आल्या आणि मला राहवेना. सभेत बोलायला हवं होतं ते सगळं बोलले. सत्कार तुमचा होता, मी चोरला, हेही बोलले. बोलताना रडू आलं.

काकांनी टाक्यावर अंगठा ठेवून पाहिला.

"सैल आहे," ते म्हणाले. "ओढा अजून."