मामाची फर्स्ट कॉपी

माझ्या मामाने आयुष्यात एकच खोटी वस्तू विकत घेतली, आणि ती घेताना घड्याळवाल्याला असा घाम फोडला की त्याने शेवटी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं आणि हात जोडले. मी शेजारीच स्टुलावर बसले होते. घड्याळ घ्यायची कल्पना माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा कोणी विचारायच्या आत कबूल केलेला बरा.

मामा पाणबुड्या. रंगीत मासे बघत फिरणारा नव्हे. धरणाचे दरवाजे, पुलाचे खांब, कारखान्याच्या टाक्या. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळं हाताने चाचपून करायचं. बावीस वर्षं त्याने हेच केलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं लंबूच्या जोडीने. लंबू त्याचा कामातला जोडीदार, उंचीने ताडमाड आणि बोलण्यात कंजूष. त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. पाण्यात उतरणाऱ्याच्या नळीचा, मुखवट्याचा, पट्ट्याचा एकेक सांधा दुसऱ्याने हाताने तपासायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "सोडा." हा शब्द आल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही. दोघांत सकाळीच हाणामारी झालेली असो, एकाने दुसऱ्याची बायको पळवलेली असो, सांधे तपासायचेच. भांडण काठावर ठेवायचं.

या टोळीचा प्रमुख म्हणजे साहेब. कोरडे बूट घालून काठावर उभं राहायचं आणि कोण किती तास खाली होता ते वहीत लिहायचं, हे त्याचं काम. नऊ वर्षांपूर्वी एका धरणाचं मोठं काम संपत आलं तेव्हा कंपनीने जाहीर केलं की ज्याचे पाण्याखालचे तास सर्वात जास्त, त्याला पाणबुड्यांचं परदेशी घड्याळ बक्षीस. सगळ्यांना ठाऊक होतं ते कोणाचं. पण शेवटच्या आठवड्यात मामा पाण्याखाली असतानाच त्याचा डावा कान फुटला. तो दवाखान्यात कानात बोळा घालून पडला होता, आणि इकडे साहेबाने वहीत मामाचे तास स्वतःच्या नावावर चढवले. वरच्यांनी वही बघितली, माणसं बघितली नाहीत. आयत्या बिळावर नागोबा! बाकीच्यांना नोकऱ्या टिकवायच्या होत्या, सगळे मूग गिळून बसले. लंबूसुद्धा.

कान गेल्यावर मामाला पाण्यात उतरायची कायमची बंदी झाली. तेव्हापासून तो काठावर बसून इतरांचे सांधे तपासतो आणि "सोडा" म्हणतो. त्याच्याकडे तेवढंच उरलं. साहेब मात्र प्रत्येक समारंभाला ते घड्याळ घालून यायचा आणि त्याला "काय एककान्या, काय वाजलं?" असं सगळ्यांदेखत विचारायचा. मामा तिथून निघून जायचा. घरी आला की मात्र ताटावर बसल्या बसल्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. "किती दिवस डूख धरून बसणार आहात?" मामी विचारायची. "तो 'काय वाजलं' विचारायचं थांबवेपर्यंत," मामा म्हणायचा. आणि खरं सांगते, मलाही त्या माणसाचा मनापासून राग होता. माझ्या मामाचा हात मी धरून चालले आहे, त्या हाताची कातडी पाण्याने कायमची पांढरी सुरकुतलेली आहे. तो हात घड्याळावाचून आणि साहेबाच्या गुबगुबीत मनगटावर घड्याळ, हे मला सहन होत नसे.

साहेब निवृत्त होणार, कंपनीच्या शेडमध्ये दुपारी निरोपाचं जेवण, असं पत्र आलं. मी झेरॉक्सच्या दुकानात बसते. दिवसभर अस्सलाच्या नकला काढायच्या हाच माझा धंदा, त्यामुळे मला लगेच सुचलं. म्हटलं, "मामा, त्याच्यासारखंच घड्याळ घालून जा. फर्स्ट कॉपी मिळते. बाजूला उभा राहा आणि कोणी विचारलं तर सांग, माझं नकली आहे, आता साहेबांच्या घड्याळामागे काय कोरलंय ते वाचा." साहेबाच्या घड्याळामागे कोरलं होतं, "सर्वाधिक तास पाण्याखाली." मामा हसला. नऊ वर्षांत त्याला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

घड्याळवाल्याची टपरी म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि भिंतीभर थांबलेली घड्याळं. त्याने तीन नग काढले. काळी तबकडी, जाड काच, काचेभोवती दातेरी कडी. मला तिन्ही सारखीच वाटली. मामाने पहिलं उचललं, कडी उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली आणि परत ठेवलं.

"काय झालं?" घड्याळवाला म्हणाला.

"दोन्हीकडे फिरते."

"फिरू द्या की काका, छान फिरते!"

"खाली उतरताना माणूस कडीने वेळ लावतो," मामा म्हणाला. "चुकून धक्का लागून उलटी फिरली, तर त्याला वाटेल अजून हवा शिल्लक आहे. मग तो वर येत नाही. म्हणून खरी कडी एकाच बाजूला फिरते. चुकली तरी हवा कमीच दाखवते."

दुसऱ्याची कडी बरोबर होती, पण मामाने ओंजळीत धरून आत डोकावलं तर काट्यांवरचं रेडियम मिणमिण करून विझलं. तेही बाद. तिसऱ्याची कडी आणि रेडियम दोन्ही पास झाले, तेव्हा मामा म्हणाला, "आता पाण्यात टाका."

घड्याळवाला माझ्याकडे बघू लागला. "ताई, समजवा यांना. फर्स्ट कॉपी घेणारा पाण्यात जात नाही, लग्नात जातो."

पण मामा ऐकेल तर शपथ. शेवटी घड्याळवाल्याने मागचं झाकण उघडून आत नवं रबर बसवलं, ग्रीस लावलं आणि काचेच्या नळकांड्यात पाण्यावर दाब देऊन बघितलं. एकही बुडबुडा नाही. "एक मात्र लक्षात ठेवा," तो थकून म्हणाला, "वेळ लावायला बाजूची ही चावी ओढाल, ती नुसती आत दाबून भागत नाही. आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची. नाहीतर खरं असो की खोटं, पाणी शिरणारच."

"मला शिकवतोस?" मामा म्हणाला. मग मागच्या बाजूला काय कोरायचं ते सांगितलं: "नक्कल." घड्याळवाल्याने तेव्हाच हात जोडले.

शेडमध्ये लांब टेबलं मांडली होती आणि कोपऱ्यात एक मोठी काचेची टाकी होती, मुखवटे आणि नळ्या बुडवून गळती शोधायची. मामाच्या उजव्या कानाकडे मी बसले, कारण डावीकडचं त्याला काही ऐकू येत नाही. लंबू समोर. साहेब नवा सदरा घालून टेबलाटेबलांवरून हिंडत होता. आमच्याजवळ आला आणि त्याने मनगट पुढे केलं. "आज सकाळीच कपाटातून काढलं. दोन दिवस घातलं नाही की थांबतं हे, नाजूक जात. वेळ लावूनच निघालो. काय एककान्या, तुझ्यात काय वाजलं?"

मामाने बाही वर केली.

साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आजूबाजूचे उठून बघायला आले. एकाने दोन्ही मनगटं शेजारी धरली, कोणाला फरक सांगता येईना.

"माझं नकली आहे," मामा मोठ्याने म्हणाला आणि त्याने घड्याळ काढून उलटं धरलं. "मागे लिहिलंय. आता साहेबांच्या मागे काय लिहिलंय ते वाचा कोणीतरी."

कोणीतरी वाचलं. त्या शेडमधल्या प्रत्येकाला ते तास कोणाचे होते ते माहीत होतं आणि नऊ वर्षं कोणी बोललं नव्हतं. मला वाटलं, झालं, फिटलं. इथेच उठून घरी गेलो असतो तर किती बरं झालं असतं!

पण साहेबाला सुंभ जळला तरी पीळ सोडवेना. "लिहायला काय, कोणीही लिहितो," तो लाल होऊन म्हणाला. "खरं-खोटं पाणी ठरवतं. चल, दोन्ही टाकीत टाकू. तुझं बाजारू डबडं किती टिकतं बघू."

सगळे टाकीभोवती जमले. मामाने चावी चाचपली आणि आपलं घड्याळ दोरीला बांधून सोडलं. बुडबुडा नाही. साहेबाने आपलं काढलं. आणि मग त्याने जे केलं ते त्याने ठरवून केलं नसावं, टोळीतल्या इतक्या वर्षांची सवय असावी. टाकीत सोडायच्या आधी त्याने ते मामापुढे धरलं. "बघ रे."

मामाने ते हातात घेतलं. अंगठा कडेवरून फिरवला. मी अगदी बाजूला होते. तो अंगठा चावीपाशी थांबलेला मला दिसला. चावी आट्यांवर बसलेली नव्हती, तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर होती. मला तेव्हा कळलं, आणि माझ्या छातीत आनंदाची उकळी फुटली, खोटं कशाला बोलू?

"सोडा," मामा म्हणाला.

घड्याळ पाण्यात गेलं आणि चावीपाशी बुडबुड्यांची बारीक माळ सुरू झाली. काचेच्या आत धुकं, मग थेंब, मग अर्धी तबकडी पाण्याखाली. सेकंद काटा दोनदा अडखळला आणि थांबला. शेजारी मामाची नक्कल टकटक चालत होती. "सर्वाधिक तास म्हणे, मिनिट निघालं नाही!" कोणीतरी ओरडलं आणि शेड हसण्याने फुटली. साहेब बाही कोपरापर्यंत भिजवून घड्याळ बाहेर काढत होता, "अस्सल आहे हो, अस्सल आहे," म्हणत होता, आणि जेवढं म्हणे तेवढे लोक जास्त हसत. मी सर्वात जास्त हसले. पोट दुखेपर्यंत.

लंबू हसला नाही. गर्दी पांगल्यावर तो मामाच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"चावी बाहेर होती," तो म्हणाला. "मला दोन हातांवरून दिसली."

मामा घड्याळ पुसत होता.

"तुला दिसली नाही?"

"दिसली."

"आणि सोडा म्हणालास?"

"घड्याळ होतं ते, माणूस नव्हता," मामा उसळून म्हणाला. "आणि तू कोण मला विचारणार? माझे तास गेले तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

"गप्प बसलो. भेकड निघालो," लंबू म्हणाला. "पण सांध्याच्या बाबतीत कधी गप्प बसलो नाही."

घरी येताना मामा जोरात होता. मामीला टाकीची हकीकत त्याने तीनदा सांगितली, साहेबाची नक्कल करून दाखवली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही त्याला, उगाच का सांगू? "पुन्हा हातात दिलं तर पुन्हा सोडा म्हणेन," असंच तो म्हणाला आणि मीही मान हलवली.

दोन दिवसांनी एका कारखान्याच्या टाकीचं काम होतं. मामाचा डबा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला गेले. मामा काठावर त्याच्या नेहमीच्या जागी उभा होता, मनगटावर घड्याळ, कडी शून्यावर लावून तयार. लंबू पूर्ण पोशाख चढवून आला. मामाने सांधे बघायला दोन्ही हात पुढे केले.

लंबू त्याच्यासमोरून पुढे गेला आणि पंपाशी बसलेल्या मेकॅनिकसमोर पाठ करून उभा राहिला. "जरा हे सांधे बघता का?" तो म्हणाला. मेकॅनिकने हे काम कधी केलं नव्हतं. तो गोंधळून एकदा मामाकडे बघे, एकदा लंबूकडे. लंबूने त्याला एकेक सांधा नावाने सांगितला, कुठे दाबायचं, कुठे फिरवून बघायचं, आणि शेवटी कोणता शब्द म्हणायचा तेही.

मेकॅनिक तो शब्द इतका हळू म्हणाला की मामाला तो ऐकूच गेला नसेल. लंबू पाण्यात उतरलेला मात्र त्याने बघितला. त्याचे हात अजून पुढेच होते. मी डबा कठड्यावर ठेवला. मामाने घड्याळाचा हात जवळ घेतला, दुसऱ्याने कडी फिरवून लंबूची वेळ लावली आणि तो वर येईपर्यंत पाण्यावरून नजर काढली नाही.