सगळ्या मोटारी एकदम

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. बॅग आईनं भरली.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. लाईट आली की घरून विहिरीपर्यंत चालत जायचं, मोटार चालू करायची. पुण्याला नोकरी लागलेल्या मुलानं जाताना काहीतरी करून जावं, म्हणून मी अंबडहून ‘ऑटो’ आणला होता. स्टार्टरला जोडायची छोटी पेटी. लाईट आली की मोटार आपोआप चालू.

अण्णांनी एवढंच विचारलं, “अन् पाळीचं काय?”

आमच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच विहिरी होत्या. पाचही मोटारी एकदम चालू झाल्या तर डीपीला झेपायचं नाही. म्हणून लाईट आली की आधी नामदेवतात्यांची आणि नाल्यापलीकडची अशा दोन मोटारी, त्या थांबल्या की बाकीच्या तीन. कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं. तात्या आमचे बांधशेजारी. आपली मोटार बंद केली की बांधावरून ओरडायचे, “इश्वनाथ, झालं रे माझं! ऊठ, का म्हातारा झालास?” अण्णा इकडून ओरडायचे, “तुझ्याहून दोन वर्सानं लहान हाये!”

“एका मोटारीनं काय होतंय, अण्णा?” मी म्हणालो. मग वडीगोद्रीच्या फाट्यावर जाऊन पुण्याची एसटी पकडली. आई रडली. अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, “पोचला की जल्दी फोन कर.”

एका मोटारीनं खरंच काही झालं नाही. पण पुढं महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या तिघांचे फोन आले, ‘संजू, ते तुझ्यावालं ऑटो कसं जोडायचं रे?’ मला बरं वाटायचं. एवढ्या लांबूनही गावाच्या उपयोगी पडतोय असं वाटायचं. कुठली वायर कुठं, मी फोनवर सांगायचो. तात्यांनी तेवढा लावला नाही. “मला पाय हायेत,” म्हणाले.

चौथा ऑटो लागल्यावर चैत्रातल्या एका दुपारी लाईट आली आणि चार मोटारी एका क्षणात उठल्या. पाळी तात्यांची होती, म्हणून त्यांनीही आपलं बटण दाबलं. डीपी जळाली.

अण्णांचा फोन आला. “नामदेवनं साडेसात एचपीची नवी मोटार बसवली ना, तिनं घात केला. सगळे तेच म्हणून राह्यलेत.”

“तेव्हा आपली चालू होती?”

“हाव. ऑटो हाये ना.”

“बाकीच्यांची?”

“त्याईची बी.”

सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, हे मी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत लिहून आलो होतो. मला त्याच मिनिटाला कळलं. मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला.

नवी डीपी यायला मृग जवळ आला. तोवर पाचही रानांतली मोसंबी उभी वाळली. तात्यांची बाग सगळ्यांत जुनी, ती त्यांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली. त्यांचं आणि अण्णांचं बोलणं तुटलं. पुढं कितीतरी वर्षांनी अण्णा गेले, तेव्हा तात्या मातीलाही आले नाहीत. लोकांनी त्यावरून त्यांना नावं ठेवली. मी डोकं भादरून ओट्यावर बसलो होतो, ऐकत होतो.

माझं पोट महासंगणकावर चालतं. हवामानाचं गणित असो की हल्लीची एआयची मॉडेलं, हजारो प्रोसेसर एकच काम वाटून घेतात. ज्याचं आधी होतं तो थांबतो, पण नुसता थांबत नाही. ‘झालं का, झालं का’ असं बाकीच्यांना विचारत राहतो, आणि त्या विचारण्यातही जवळपास कामाइतकीच वीज जाते. ती हुडकायची, कोड बदलायचा, तेच उत्तर कमी विजेत आणायचं, ही माझी नोकरी. वाचलेल्या विजेवर आपल्या विहिरी किती दिवस चालतील, असा विचार मी सुरुवातीला करायचो. मग सोडून दिला. ती वीज गावाकडे येत नाही, आमच्याच पुढच्या मोठ्या मॉडेलला लागते. एरवी आमच्या मशीनच्या हॉलमधली लाईट क्षणभरही जात नाही, आणि गावात शेतीला अजून आठच तास मिळते, तिचीही वाट बघावी लागते.

मागच्या वर्षी दुरुस्तीसाठी सगळं मशीन बंद ठेवलं होतं. परत चालू केलं आणि अडकलेले सगळे जॉब, म्हणजे रांगेतली कामं, त्याच सेकंदाला सुरू झाले. लोड एकदम चढला, ब्रेकर पडले, हॉल अंधारला. जॉब आपोआप सुरू करणारी स्क्रिप्ट माझी होती. कुणाला ताटकळायला लागू नये म्हणून लिहिलेली.

“कोणी लावलं हे?” आमच्या मॅडमनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

त्या एवढंच म्हणाल्या, “मग टप्प्याटप्प्यानं सुरू होतील असं करा.” दुपारपर्यंत केलं. आधी थोडे, ते स्थिरावले की पुढचे. सगळ्यांनी वाहवा केली. मी जिन्यात जाऊन बसलो. इथं कबूल करायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं, कारण इथं माझं मोडणार काहीच नव्हतं.

या दिवाळीत गावी आलो आणि तात्यांकडे गेलो. ओट्यावर वेचलेल्या कापसाचा ढीग होता, ते त्यातला काडीकचरा काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“एवढी सालं लागली तुला?” ते म्हणाले. “बागंचं सोड, झाडं परत लावता येतात. तुझ्या बापाच्या मातीला मी आलो न्हाई. कडी लावून घरात बसलो. त्याचं काय करतो, सांग?”

मीही ढिगातला कापूस घेऊन काडीकचरा काढायला लागलो.

आतून काकूंनी विचारलं, “चहा टाकू का पोराला?”

“बिलकुल न्हाई,” तात्या म्हणाले. “आधी त्यानं समद्या गावाला सांगावं. मला सांगून काय उपयोग? मी डीपी जाळली न्हाई, हे मला माहितीच हाये.”

म्हणून हे गावाच्या ग्रुपवर टाकतोय. गावात आहेत त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे पुण्याला, संभाजीनगरला, आखातात गेलेत त्यांच्यासाठीही. डीपी नामदेवतात्यांनी जाळली नाही. पाचांत पाळी धरून राहिलेले ते एकटे होते. ऑटो मी आणला, बाकीच्यांना मी शिकवला, आणि कळल्यावर मीच गप्प बसलो. ज्या तिघांनी लावला त्यांचा काही दोष नाही, म्हणून त्यांची नावं लिहीत नाही. अण्णांना हे सांगायचं राहिलं. ते आता कायमचं राहिलं.

पुण्यात माझा फ्लॅट आहे, मुलं तिथलीच झालीत. बाहेर गेलेल्या आपल्या माणसांना घर म्हटलं की आईच्या हातचं जेवण आठवतं. मला आता तात्यांचा ओटा आठवतो, जिथून मी चहा न घेता उठलो. एवढ्या मोठ्या पुण्यात मला असा हक्काचा नकार देईल, असं कुणी नाही.

तात्यांना मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवा. सावकाश वाचा, आणि चार माणसं बसलेली असताना वाचा. संक्रांतीला मी येतोय. सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे. चहा टाकायचा का नाही, ते त्यांनी ठरवावं.