रंगमंचाकडे पाठ करून बसणारी

माणसाला जन्मभर पुरेल एवढा हेवा एकाच माणसाचा वाटू शकतो, हे मला आमच्या संपादिकेमुळे कळलं. त्याआधी आमच्या घरात हेवा करायला कुणाला सवडच नव्हती. लांज्यापासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथे आमची वाडी. वडील मुंबईला एका गोदामात राखणीला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आणि आले की आपल्याच घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसायचे. आई काजूच्या कारखान्यात. बी फोडताना टरफलातून जो चीक उडतो, त्याने तिच्या बोटांची कातडी काळी पडून सोलून निघायची, म्हणून भाकऱ्या मी थापायचे. पावसाळ्यात मागच्या भिंतीला आतून प्लास्टिक लावलेलं असे आणि त्याच भिंतीला टेकून मी दहावीचा अभ्यास केला. हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट जराशी ऐटच वाटते. आमच्या घरातलं कुणी माझ्याआधी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. मी गेले. रत्नागिरीच्या कॉलेजात, रोज सकाळच्या एसटीने. आणि पहिल्याच वर्षी मला ही भेटली.

आम्ही काही मुलामुलींनी मिळून एक ब्लॉग चालवायला घेतला होता. जिल्ह्यात जिथे कुठे नाटक, भजन किंवा नमन, जाखडी असे आमच्याकडचे नाचगाण्याचे खेळ असतील तिथे जायचं, बघायचं आणि लिहायचं. ब्लॉगचं नाव ‘खळं’. घरापुढचं सारवलेलं खळं, जिथे भात झोडतात, लग्नं लागतात आणि शिमग्यात नमनाचे खेळेही नाचतात. हे नाव तिने सुचवलं, आणि ते मला सुचलं नाही याचं दुःख मला अजून आहे. कारण खळं आमच्या घरापुढे होतं. तिच्या घरापुढे पार्किंग होतं. वडील वकील, आई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दुमजली घर आणि त्यात नुसती पुस्तकं ठेवायला एक वेगळी खोली. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात म्हटलं, हिच्या पुस्तकांना खोली आहे आणि मला नाही. पण ती स्वतः त्या खोलीत कधी बसायची नाही. ती बसायची कँटीनच्या मागच्या पायरीवर, बहुतेक वेळा कुणाच्या तरी डब्यात हात घालून.

तिचं कार्यक्रम बघणं हा एक वेगळाच कार्यक्रम होता. ती रंगमंचाकडे पाठ करून बसायची. अगदी पहिल्या रांगेच्या पुढे, जमिनीवर, तोंड प्रेक्षकांकडे. पहिल्यांदा लोकांना वाटायचं, ही आयोजकांपैकी आहे. मग वाटायचं, हिचं काहीतरी हरवलंय. एका एकांकिका स्पर्धेला आम्ही दोघी गेलो. मी नेपथ्य, प्रकाशयोजना, संवादफेक अशा सगळ्या नोंदी घेतल्या, घरी येऊन लांबलचक लेख लिहिला, दोनदा सुधारला. तिने लिहिलं तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थाबद्दल, जो रडण्याचा प्रसंग जवळ आलाय असं वाटलं की आधीच चष्मा काढून पुसून ठेवत होता आणि एकांकिकेत कुणी रडलंच नाही म्हणून शेवटी बायकोवर चिडला. लेखाच्या शेवटी वाक्य, ‘प्रयोग प्रेक्षकांनी उत्तम केला.’ कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी माझा लेख अभ्यासपूर्ण आहे असं सांगितलं, आणि तिचा त्यांनी आपल्या बायकोला पाठवला. तेव्हापासून अभ्यासपूर्ण हा शब्द मला शिवीसारखा लागतो.

ती लिहायची नाही, बोलायची. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून फोन तोंडाशी धरून हातवारे करत चालायची आणि तिचा लेख व्हायचा. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाईचं घरी कडाक्याचं भांडण चाललंय. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांनी तिला एकदा थांबवून समजावलंही, “जाव दे गो. नवरा हाय, ऐकल कधीतरी.” तिने ते वाक्य आहे तसं त्या दिवशीच्या लेखात घातलं आणि लेख नवरात्रातल्या भजनस्पर्धेवर असूनही ते तिथे चपखल बसलं. आता मी रोज दोन वेळा एसटीने जायचे. मला कुणी कधी काही सांगितलं नाही, कंडक्टरने सुट्टे मागितले तेवढेच. ती एकदा गणपतीपुळ्याला जायचं म्हणून चुकून लांज्याच्या गाडीत बसली, तर उतरेपर्यंत त्याच कंडक्टरने तिला आपलं लग्न कसं मोडता मोडता राहिलं ते सगळं सांगितलं. मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं, “काका, मला कधी बोलला नाहीत ते?” तर म्हणाला, “तू कुठं विचारलंस? तू आपली पुस्तक काढून बसतेस.”

शिवाय चपला. कुठल्याही घरातून, देवळातून, सभागृहातून ती बाहेर पडली की तिच्या पायात दुसऱ्याच्या चपला असत. चोरी म्हणून नव्हे, तिला खरोखर कळायचं नाही. आमच्यातला भजनीबुवांचा नातू ब्लॉगवर फक्त भजनांवर लिहायचा. तो म्हणायचा, हिला घरी बोलवायचं असेल तर चपला आत ठेवा आणि चिवडा बाहेर. पण आमच्या लेखांवर संपादन करायची तिची रीत त्याहून भयंकर. ती काही कापायची नाही. लेख सपाट आवाजात मोठ्याने वाचायची आणि मध्येच थांबून म्हणायची, “इथे मला भूक लागली.” म्हणजे तिथे कंटाळा आला. माझ्या एका लेखात तिला पहिल्याच पानावर इतक्या वेळा भूक लागली की शेवटी मी कागद हिसकावून घेतला आणि म्हटलं, “घरी नीट जेवून येत जा.” ती म्हणाली, “घरी एकटीला जेवण जात नाही गं.” मी ते तेव्हा तिच्या इतर बोलण्यासारखंच सोडून दिलं.

शेवटच्या वर्षी ठरलं की ब्लॉगवर लिहिणाऱ्यांची ओळख करून देणारं एक पान करायचं. मी याच दिवसाची वाट बघत होते. मी माझी ओळख लिहिली, खोडली, परत लिहिली. ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून घराण्यातील पहिली पदवीधर होत असलेली’ असं सुरू होणारं एक वाक्य होतं आणि ते लिहिताना माझा ऊर भरून आला होता. तिने ते पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचलं.

“हे निवडणुकीच्या पत्रकावर असतं,” ती म्हणाली.

“खरं आहे ते.”

“खरं असेल. पण आपली ओळख आपण लिहिली की सगळे सारखेच कर्तबगार होतात. कुणीच आपली लिहायची नाही. घरच्यांनी सांगायची, दुसऱ्याने जाऊन ऐकायची आणि खाली सांगणाऱ्याचं नाव घालायचं.”

मी म्हटलं, “माझ्या आईला ब्लॉग म्हणजे काय ते माहीत नाही.”

“बरं झालं. मग ती ब्लॉगसाठी बोलणार नाही.”

बाकीच्यांचं सोपं होतं. भजनीबुवांच्या नातवाची ओळख त्याच्या आजीने दिली, ‘हा गातो बरा, पण आजोबांच्या पेटीवर ओला टॉवेल वाळत घालतो. बुवा असते तर याला घराबाहेर काढला असता आणि रात्री जेवायला परत बोलावला असता.’ एका मुलीची मावशी जेटीवर मासे विकते. ती म्हणाली, ‘हिला पापलेट ओळखता येत नाही, पण गिऱ्हाइकाने भाव पाडला की आमच्याआधी हिला राग येतो. म्हणजे पोर आमचीच.’ लोक वाचून हसत होते आणि मला माझी सोनेरी ओळ हातातून जाताना दिसत होती. एवढी वर्षं तंगडतोड केल्यावर जगाला एकदा, माझ्या शब्दांत, मी कोण ते सांगायचं होतं. एवढंच हवं होतं. आणि तेही हिने काढून घेतलं.

रविवारी माझी ओळख ऐकायला ती स्वतःच आमच्या घरी आली. येताना बिस्किटांचा पुडा आणला होता, तो वाटेत खाल्ला असं तिने आईला आल्या आल्या सांगितलं. आई हसली. माझ्या एखाद्या बोलण्यावर आई अशी कधी हसली होती ते मी आठवू लागले आणि मला आठवेना. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. ती चुलीजवळच मांडी घालून बसली, एक शब्द न बोलता जेवली, मग विचारलं, “काकी, तुम्ही लहानपणी नमन बघायला जायचात?” झालं. आई बोलायला लागली. धाकटा भाऊ झोपला की त्याला खांद्यावर टाकून तीन वाड्यांपलीकडे कशी जायची, नमनातला संकासुर अंगावर धावून आला तेव्हा भाऊ बाजूला टाकून आपणच कशी पळाली, मागाहून बापाचा मार कसा खाल्ला. मी त्या घरात जन्मले, वाढले, आईच्या हातांना रोज खोबरेल चोळलं, आणि यातलं अक्षर मला माहीत नव्हतं. मी भांडी घेऊन मागच्या दारी गेले आणि ती गरजेपेक्षा जास्त जोरात घासली.

शेवटी तिने विचारलं, “आणि हिच्याबद्दल?”

माझा हात थांबला. आई म्हणाली, “हिच्याबद्दल काय सांगू, बाय. दहावी झाली तेवा सांगितला, शाळा सोड, माझ्यासंगती कारखान्यात चल. सोडलीन नाय. बारावी झाली, परत सांगितला. सोडलीन नाय. आता मीच सांगायचा सोडलाय.”

एवढंच. ते तसंच ब्लॉगवर आलं, खाली आईचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. म्हणजे ओळख माझी आणि खाली नाव माझ्या आईचं. लोकांनी मला थांबवून थांबवून सांगितलं, काय सुंदर ओळख आहे. मी म्हणायचे, हो का. संपादिकेला मी जाऊन विचारलं, “पहिली पदवीधर हे कुठे आहे यात?”

“अजून झालीस कुठे? झालीस की घालू.”

पान पूर्ण झालं, फक्त तिची स्वतःची ओळख येईना. तिथे नुसतं ‘लवकरच’. पहिला आठवडा मला मनातून गुदगुल्या झाल्या, हे लपवत नाही. नियम तिचा आणि अडकली ती. भजनीबुवांचा नातू दोनदा तिच्या घरी जाऊन आला. वडिलांची केस होती, आईचं ऑडिट होतं. ‘नंतर सांगतो’ असं दोघांनीही अगदी गोड बोलून सांगितलं. मग परीक्षा जवळ आल्या आणि तो ‘लवकरच’ तसाच राहिला. एक दिवस आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, “त्या बायचा काय घातलात?” मी सांगितलं, तिच्या घरच्यांना सवड नाही. आईने भाकरी खाली ठेवली.

“मग मी सांगतंय. घे लिवून. ही पोर ताटात काय टाकीत नाय. दुसरा बोलत असला तर मधी बोलत नाय. जाताना ह्यांच्या घरी ठेवलेल्या नव्या चपला घालून गेली, आपल्या ठेवून गेलीन, त्या माझ्या पायाला बसतात. तिच्या घरी तिच्यासाठी जेवायला कोन थांबता की नाय, मला म्हायत नाय. आमच्याकडं कवाबी आली तर जेवान असंल.”

मी मोजलं नाही म्हटलं तर खोटं होईल. माझ्यापेक्षा तिच्यावर आईची वाक्यं जास्त झाली होती. एका दुपारची ओळख आणि एवढी वाक्यं. तरी मी ते सगळं माझ्या हाताने टाइप केलं, एक अक्षर न बदलता, आणि स्टँडवर चहा पिताना तिच्यापुढे फोन धरला. तिने ते वाचलं. परत वाचलं.

मी म्हटलं, “ते थांबण्याबद्दलचं वाक्य काढू का?”

“राहू दे,” ती म्हणाली. “तेवढं बरोबर आहे.” मग तिने आपला चहा संपवला आणि माझाही.

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही लोकांकडे तोंड करून बसते ते गंमत म्हणून नसावं. पण हे मी तिला बोलले नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

पेपर संपले आणि ती पुढे शिकायला पुण्याला गेली. जाताना ब्लॉग माझ्या स्वाधीन केला, म्हणजे पासवर्ड सांगितला आणि तोही चुकीचा. आता नवीन मुलं येतात, लेख आणतात, मी ते मोठ्याने वाचून दाखवते. कार्यक्रमात मी एकदोनदा रंगमंचाकडे पाठ करून बसून बघितलं. मला नुसती माणसं दिसली. ती आईला दर रविवारी फोन करते. मला कधीतरी. दोघी बोलत असल्या की मी मुद्दाम आतबाहेर करते, पण त्या थांबत नाहीत. हेवा गेलेला नाही. तो जाऊ नये असंच आता वाटतं, कारण तो गेला तर तिच्यातलं माझ्याकडे दुसरं काय राहणार.

निकाल लागला तेव्हा मी मोबाइलवर तो तीनदा उघडून खात्री केली आणि आईला सांगितला. आईने हात पदराला पुसले, माझ्या डोक्यावर एकदा ठेवला, आणि लगेच संपादिकेला फोन लावायला सांगितला. वडिलांना नाही, मामाला नाही, तिला. मी लावून दिला. पलीकडून ‘हॅलो काकी’ ऐकू आलं.

“बाय,” आई म्हणाली, “आमची पोर बी.ए. झाली. आमच्यात पयलीच. ता घाल आता.”

तिने पुण्यात बसून त्याच दुपारी ते घातलं. माझ्या ओळखीत, आईच्या शब्दांखाली लिहिलं आहे, बी.ए. झाली. घरातली पहिली.