मापात बसणारं ग्राफिक्स कार्ड

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या मावशी कॉम्प्युटरच्या दुकानातही गळ्यात टेप घालूनच गेल्या. संध्याकाळी शिलाई मशीन बंद केलं की त्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत, पण हल्ली ऐन वळणावर चित्र अडकायचं. म्हणून स्वस्तातलं, पण कामाचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं.

बरोबर जावई होते. "आई, घ्यायचं तर हे तीन पंख्यांचंच घ्या. मीही हेच घेतलंय," ते म्हणाले. दुकानदाराने लगेच री ओढली.

मावशींनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडली. एका पानावर त्यांच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं माप होतं: आतली लांबी, रुंदी, पॉवर सप्लाय साडेचारशे वॅट, वायरीला वळायला दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत सोडतात तशी जास्तीची जागा.

दुकानदार हसला. "मावशी, कार्ड असं मापून घेतात होय?"

"मग काय, अंगाचं माप न घेताच कापडाला कात्री लावायची?"

त्यांनी मोठ्या कार्डावर टेप धरली. लांबी बसत होती, पण वायरीला माया उरत नव्हती. त्यांनी ते बाजूला सारलं आणि दोन पंख्यांचं, निम्म्या किमतीचं कार्ड उचललं. घरी ते अंगरख्यासारखं चपखल बसलं, झाकणही लागलं.

जावई हळूच म्हणाले, "आई, ती टेप जरा नेऊ का? तीन महिने झाले, माझ्या डब्याचं झाकणच लागत नाहीये."

"जावईबापू, टेप कापण्याआधी लागते," मावशी गेमच्या पहिल्याच वळणावर गाडी पुढे काढत म्हणाल्या. "तुम्हाला आता उसवणंच आलं."