जगतापांच्या पिकअपला एसी बसतो

खिडकीशी बसायची सवय असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कूलरच्या जाळीवर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात आणि मग कधीतरी झटकावे लागतात. माझी खिडकी फरीदाबादच्या एका अरुंद गल्लीत उघडते, आणि समोरच जगतापांचं दार. गल्लीतली पोरं मला सीसीटीव्ही म्हणतात. म्हणू देत! कॅमेरा काही समोरच्या घरी चहा नेऊन देत नाही, मी देते.

या उन्हाळ्यात जे साचलं, ते मात्र झटकूनही जाईना. म्हणून सांगते.

जगताप भाऊजी साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि इथेच राहिले. त्यांच्याकडे सीएनजीवर चालणारा एक जुना पिकअप आहे, त्यातून टेंटवाल्याच्या खुर्च्या आणि गाद्या पोचवतात. शालनवहिनी त्यांच्या मंडळी. मागच्या हिवाळ्यात वहिनींना कॅन्सर निघाला. छातीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, आणि ऐन मे महिन्यात रेडिएशन सुरू झालं. रविवार सोडून रोज दिल्लीला जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मधे खाडा नको."

*

बसमध्ये जरा कोणाचा धक्का लागला तरी वहिनी कळवळायच्या. टॅक्सीतल्या सेंटच्या वासाने त्यांना उलटी व्हायची. राहिला पिकअप. पण मालाच्या गाड्यांना सकाळ-संध्याकाळ दिल्लीत नो एंट्री!

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाई सकाळची वेळ देत होत्या. भाऊजी सावधान उभे राहून म्हणाले, "मॅडम, सुबह हमारे को नो एंट्री है."

बाईंनी वर पाहिलं. "पेशंट कौन है? गाड़ी?"

वहिनी मागून म्हणाल्या, "दोनों पुराने हैं जी. दोपहर का दे दो!"

मिळाली दुपारची वेळ. मे महिन्यातली, दिल्लीतली दुपार.

*

या पिकअपचं इंजिन सीटच्या खालीच असतं. वरून ऊन, खालून इंजिन, आणि वहिनींची छाती-काख रेडिएशनच्या शेकाने आधीच भाजलेली, कपडासुद्धा लागू देत नव्हती. एका शुक्रवारी बदरपूरच्या सिग्नलला त्यांची शुद्ध गेली. भाऊजींनी टेंटवाल्याच्या जारमधलं पाणी तोंडावर मारलं आणि तसंच पुढे नेलं.

शनिवारी वहिनी गेल्याच नाहीत. उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "झालं तेवढं पुष्कळ झालं. आता जे काय व्हायचं ते घरात होऊ दे."

भाऊजी उठले. पायात चपला घातल्या आणि निघून गेले. मी खिडकीतून विचारलं, "भाऊजी, कुठे?"

"मायापुरीला."

मायापुरी म्हणजे भंगारातल्या गाड्यांचा बाजार. मला वाटलं, माणूस पिकअप विकायला निघाला! पण पिकअप तर दारातच उभा होता.

संध्याकाळी एक पोतं घेऊन आले. कॉम्प्रेसर एका गाडीचा, कूलिंग कॉइल दुसरीची, पुढची जाळी तिसरीची. वरच्या मजल्यावरचे सलूजाजी, जे ट्रान्झिस्टरपासून ट्रॅक्टरपर्यंत कशावरही सल्ला देतात, खाली उतरून पोत्यात डोकावले.

"जगतापजी, ये एसी है या मिलीजुली सरकार?"

"चलनी चाहिए बस, सलूजाजी."

वहिनी उंबऱ्यावरूनच बघत होत्या. मला म्हणाल्या, "बघ मंगल, माझे पार्ट काढताहेत आणि हिला लावताहेत!"

मी हसले. मग घरात जाऊन पदराने डोळे पुसले.

*

रविवारी पहाटेपासून काम. आमचे हे फॅक्टरीत वेल्डिंग करतात, त्यांनी कॉम्प्रेसर बसवायला पट्टी जोडून दिली. भाऊजी गाडीखाली आडवे, नुसते पाय बाहेर. सलूजाजी खुर्ची टाकून सूचना देत बसलेले. दुपारी एसीत गॅस भरणारा आला, तर त्याच्या मीटरची सुई काही जागेवर राहीना. कुठल्यातरी जोडातून गॅस निसटत होता.

तो म्हणाला, "झाग बनाओ. जहाँ बुलबुला, वहाँ लीक."

भाऊजींनी साबण मागितला. वहिनी भिंतीला धरून आत गेल्या आणि शाम्पूची मोठी बाटली घेऊन आल्या. अर्ध्याच्या वर भरलेली.

"हा घ्या. फेस चांगला येतो."

भाऊजी बाटली हातात घेऊन तसेच उभे.

"अहो, ओता की! मला आता काय करायचाय? डोक्यावर नुसता हात फिरवला की झाली आंघोळ!"

सगळ्या गल्लीला गुलाबाचा वास सुटला. बुडबुडा सापडला, जोड आवळला गेला. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायला हव्या होत्या खरं तर.

*

डॅशबोर्डवर हवा यायला भाऊजींनी दोन तोंडं ठेवली. उजवीकडचं ड्रायव्हरपाशी, त्याला वीतभर पाइप. डावीकडचं वहिनींच्या जागेपाशी, त्याचा पाइप लांब, इंजिनच्या अंगावरून वळवून आणलेला. दारात गाडी उभी ठेवून चालू केलं, तर दोन्हीकडून गारेगार!

तेवढ्यात सलूजाजी बोलून गेले. मनाने वाईट नाहीत, पण जिभेला ब्रेक नाही.

"वो सब ठीक है, पर पाजी, इस गाड़ी की तो उमर ही पूरी होने वाली है. दिवाली के बाद सीधी स्क्रॅप में जाएगी. इतने दिन के लिए एसी कौन लगवाता है?"

वहिनी दारातच होत्या. आमच्या ह्यांनी सलूजाजींना डोळ्यांनी खुणावलं. सलूजाजींच्याही लक्षात आलं, पण शब्द परत घेता येतो थोडाच.

भाऊजी फडक्याला हात पुसत म्हणाले, "जितने दिन चलेगी, ठंडी चलेगी."

सलूजाजी तोंड पाडून वर गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सोफ्यावरची उशी घेऊन आले आणि न बोलता वहिनींच्या सीटवर ठेवून गेले. सोमवारी दुपारी वहिनी त्या उशीवर बसल्या आणि पिकअप निघाला. मी तेव्हा खिडकीत नव्हते. देवापाशी बसले होते.

*

एसीचा एक नखरा होता. इंजिन पडलं लहान, चढावर एसी चालू असला की गाडी दम टाकायची. म्हणून भाऊजींनी एसीचं बटण वहिनींच्या हाताशी लावलं. फ्लायओव्हर आला की फौजी आवाजात ऑर्डर सुटायची, "चढाई! बंद!" वर पोचलं की, "उतार! चालू!"

वहिनी रोज संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायच्या. "अगं, स्वयंपाक करू देत नाहीत, भांडं उचलू देत नाहीत. एवढी एक ड्यूटी आहे मला."

"आणि हवा? लागते ना?"

"लागते? अगं हुडहुडी भरते! हे सारखे विचारतात, येतेय का, येतेय का. मी तोंडावर हात धरून सांगते, बर्फ! आता जरा कमी करा म्हटलं तर ऐकत नाहीत."

भाऊजी शेजारी उभे राहून हे ऐकायचे. महिन्याभरात त्यांचा चेहरा तेवढाच काय तो फुललेला मी पाहिला.

*

एकदा ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. जूनचं ऊन, मालाचा पिकअप, आणि काचा वर! त्याला संशय आला, काहीतरी लपवून नेताहेत.

"शीशा नीचे कर! क्या छुपा रखा है?"

भाऊजींनी काच खाली केली. पोलिसाच्या तोंडावर गार झोत आला. तो दचकलाच.

"टेंपो में एसी? किसके लिए?"

वहिनी पलीकडून म्हणाल्या, "इनके लिए, साहब! फौजी आदमी, गरमी सहन नहीं होती. मैं तो ठंड से मर रही हूँ."

पोलिसाने त्यांच्या डोक्याच्या स्कार्फकडे पाहिलं, मांडीवरच्या हॉस्पिटलच्या पिशवीकडे पाहिलं. मग टोपी काढून काही वेळ तसाच खिडकीत डोकं घालून उभा राहिला. म्हणाला, "जाओ अम्मा. आराम से जाओ."

*

रेडिएशन पुरं झालं. एकही दिवस पुन्हा चुकला नाही. गल्लीत मी शिरा वाटला. आणि जुलैत वहिनींना धाप लागायला लागली. दिल्लीला नेलं तर डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. पुढचं डॉक्टर भाऊजींना बाजूला घेऊन बोलले, आणि भाऊजी ते आम्हाला बोलले नाहीत.

भाऊजी तिथेच बाकावर झोपायचे. एका दुपारी कपडे न्यायला घरी आले, तर दारात बसल्या बसल्याच डोळा लागला. आमचे हे म्हणाले, "हवालदारसाहेब, किल्ली इकडे द्या. आज गाडी मी चालवतो."

हे स्टिअरिंगला, मधल्या उंचवट्यावर मी अंग चोरून, आणि वहिनींच्या जागेवर भाऊजी. त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते.

निघताना छान गार होतं. हे एकदम खूश. "मानलं तुम्हाला! गुडघे गारठले माझे!"

भाऊजींनी डावीकडच्या तोंडावर हात धरला. धरूनच ठेवला. इंजिन तापत गेलं, त्याच्या अंगावरून येणारा तो लांब पाइप तापत गेला. बदरपूर यायच्या आधीच माझ्या डाव्या अंगाला झळा लागायला लागल्या, कढईवरून येतात तशा. भाऊजींनी हात काढला, शर्टाला पुसला, पुन्हा धरला.

"येतेय ना हवा तिकडे?" ह्यांनी विचारलं.

"हो."

शर्ट पाठीला चिकटला होता. चढ आला तेव्हा त्यांनी बटण बंद केलं, उतार आला तेव्हा चालू केलं. 

वॉर्डात वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. आम्हाला बघून हसल्या. मी सवयीने सगळं सांगून टाकलं, की आज गाडी ह्यांनी चालवली, भाऊजी तुमच्या जागेवर बसले होते.

वहिनींचं हसू जरा थांबलं. त्यांनी भाऊजींच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मग? कसं वाटलं तिकडे?"

भाऊजींनी स्टूल ओढलं, त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि म्हणाले,

"गारठलो गं. बदरपूरला बंदच करायला लावला."

"तरी मी सांगत होते," वहिनी म्हणाल्या.