पोराची ओटी

नागपूरहून पवनीला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय साठीच्या पुढचं. पदराच्या टोकाला एक गाठ होती आणि ती गाठ ती सारखी चाचपून बघत होती. मला वाटलं, चाव्या असतील.

भिवापूर मागं पडलं तशी ती आपणहून बोलू लागली. "पोराले विमानात बसवून आली, बाई. सून पोलंडची हाय. नातीले घेऊन आता तिकडंच राहाले गेले."

घरून निघताना ती रीतीप्रमाणे सुनेची ओटी भरायला गेली, तर सून म्हणाली, "आई, मी तर माहेरी चालली. सासरी तर हे जाऊन राहिले."

"खरंच होतं ना तिचं! मंग मी पोराचीच ओटी भरली. एवढा दाढीवाला माणूस, शर्टाची झोळी करून उभा राहिला. आधी हासला. मंग लेकी टाकतात ना, तसे ओटीतले चार दाणे त्यानं माह्या पदरात परत टाकले."

तिनं गाठ पुन्हा दाबली.

"रडलात?" मी विचारलं.

"रडाले टाइम कुठी होता? विहिणीले फोन लावला ना."

त्या विहिणीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी मुलाची आई असून हिनं मुलीच्या आईसारखे फोनपुढं हात जोडले होते.

"म्हटलं, पोळ्याले पोराले माहेरी धाडत जा."