तपासणी झाली की रजा

गवडेंचा फोन आला तेव्हा मी आमच्या गिरगावच्या शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत होते. सुलभा परब, परळच्या एका शाळेची मुख्य लिपिक आणि माझी जुनी मैत्रीण, पहाटे घरीच वारली. गवडे तिच्या हाताखालचे लिपिक, फोनवर रडत होते. मी एकच विचारलं, "अँजिओग्राफी झाली होती का?" ते म्हणाले, "नाही मॅडम. सोमवारची तारीख मिळाली होती." त्याला आता महिना उलटून गेला. माझा राग निवलेला नाही, आणि तो निवावा म्हणून मी हे लिहीतही नाही.

आमची ओळख एका प्रशिक्षणात झाली, विद्यार्थ्यांची माहिती पहिल्यांदा ऑनलाइन भरायची होती तेव्हा. मी याद्या करणारी बाई. आज काय, उद्या काय, कुणाकडे काय, सगळं लिहून ठेवते. सुलभा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "ह्यात श्वास कधी घ्यायचा ता खंय लिवलंस गो?" लालबागच्या चाळीत वाढलेली, जीभ तिखट. त्या दिवसापासून आमचं अगंतुगं. शिक्षण खात्याकडून शाळेच्या तपासणीचं पत्र आलं की बऱ्याच शाळांत जी धावपळ सुरू होते तिचा तिला तिटकारा होता. हजेरीपत्रकं एका बैठकीत एकाच पेनानं पुरी करायची, पुढच्याच भिंतीला रंग लावायचा, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी शाल आणायची... ती म्हणायची, "वर्षभर पारोसं बसायचं आणि पाहुण्याच्या दिवशी आंघोळ." तिचं त्या दिवसाचं काम त्याच दिवशी व्हायचं. शिवाय आम्ही दोघींनी एक पद्धत पाडली होती. पत्र आलं की एकीनं अर्धी रजा टाकून दुसरीच्या शाळेत 'साहेब' म्हणून जायचं. अनोळखी चेहऱ्यानं बसायचं आणि मनाला येईल ते मागायचं. सातवीतल्या अमक्या मुलाचा जन्माचा दाखला काढा, शिपायांचं सेवापुस्तक दाखवा. जे शोधायला वेळ लागेल तिथं काम कच्चं आहे असं समजायचं. प्रत्येक शाळेच्या ऑफिसनं हे करून बघावं. आपल्याच कपाटातली अडगळ आपल्याला दिसत नाही.

यंदा परळला मी साहेब होते. सुलभा काही महिने दम लागून जिन्यात थांबत होती. कुणी बघितलं तर नोटीस बोर्ड वाचत असल्यासारखं करायची. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती, आणि तिनं तपासणीच्या आठवड्यातलीच तारीख घेतली होती, कारण तीच लवकरची होती. म्हणून या वेळी तिनं ठरवून गवडेंना पुढं केलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली. मी गवडेंना बराच छळलं. मागितलेला प्रत्येक कागद त्यांनी काढून दिला. शेवटी सुलभा आत डोकावली. "काय साहेब, चहा घेणार की गवडेंना घाम फोडूनच जाणार?" गवडे म्हणाले, "मॅडम, घाम आधीच फुटलाय." आम्ही तिघंही हसलो. मग ती रजा मागायला शेजारच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

"गवडे सगळं बघतील सर. आत्ता करूनच दाखवलंय त्यांनी."

"अहो परबबाई, साहेबांना ओळखीचा चेहरा लागतो," मुख्याध्यापक म्हणाले. "तपासणी झाली की जा ना. मी काय अडवतोय?"

ती बाहेर आली, कपात चहा ओतला आणि मला म्हणाली, "ऐकलंस? अडवत नाहीयेत."

तिनं तारीख पुढं घेतली. मग वरून फोन आला, तपासणीच पुढं गेली. तिनं पुन्हा रजा मागितली. आता तर पत्र कधीही येईल, असं उत्तर मिळालं. शेवटी साहेब आले तेव्हा काय झालं ते मला गवडेंनी सांगितलं. आपल्याकडे एक रीत आहे. साहेब बसून फायली बघतात आणि लिपिक त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून एकेक फाईल पुढं करतो. हा नियम कुठंही लिहिलेला नाही. मान म्हणून सगळे पाळतात. सुलभा सकाळपासून तशीच उभी होती. साहेब भला माणूस होता. मध्येच मान वर करून म्हणाला, "बसा हो बाई." ती खुर्ची ओढणार तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "नको नको साहेब, त्यांना सवय आहे." तिनं हात मागे घेतला. तपासणी उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्पिटलात फोन करून सोमवारची तारीख घेतली. तो सोमवार तिला मिळाला नाही.

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. पहिल्या रांगेत तिचे यजमान हात जोडून बसले होते. मुख्याध्यापक हळव्या आवाजात म्हणाले, "परबबाईंनी शाळेला घर मानलं. शेवटपर्यंत रजा म्हणून घेतली नाही." माना डोलल्या. माझ्या अंगाची आग झाली. मी उठणार तोच मागून गवडेंचा आवाज आला. एरवी हा माणूस मुख्याध्यापकांपुढं चार शब्द सलग बोलत नाही.

"सर, मागितली होती."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले, तिच्यासाठी. पण माणसाला रजा न देता मारायचं आणि मग रजा घेतली नाही म्हणून त्याला ओवाळायचं, हा निर्लज्जपणा त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यातून गेला नाही.

गेल्या आठवड्यात गवडेंचा पुन्हा फोन आला. तपासणीत निघालेल्या किरकोळ त्रुटींची पूर्तता दुसऱ्या दिवशी करायची होती आणि वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. "सर म्हणतात, पूर्तता झाली की जा." मी त्यांना सांगितलं, उद्या तुम्ही वडिलांबरोबर जा, मी येते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही.

सकाळी मी परळच्या ऑफिसात शिरले. तिच्या खुर्चीवर जुन्या सुती साडीची शिवलेली उशी तशीच होती, मध्ये थोडी दबलेली. मी त्या उशीवर बसले आणि पूर्ततेची फाईल उघडली. थोड्या वेळानं मुख्याध्यापक आले. दाराशी थांबले, माझ्याकडे बघत राहिले. मी उठावं याची ते वाट बघत होते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"गवडे कुठायत?"

"हॉस्पिटलात," मी बसल्या बसल्या म्हणाले. "तुम्हाला काय हवंय ते सांगा. इथूनच देते."